यदृच्छेची कोष्टके

कोष्टक म्हटले, की आपल्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे कचेरी उभी राहील. हजेरी, जमाखर्च, वेतनश्रेणी, पर्जन्यमान ह्यांच्या कोष्टकांत ज्यांची उमेदीची वर्षे जातात, त्यांना कोष्टक हा ललित लेखनाचा एक प्रकार होऊ शकेल असे सांगितले तर ती थट्टा वाटण्याचा संभव आहे. तथापि गेल्या अर्धशतकात अमेरिकेतून जगभर पसरलेल्या एका खेळात कोष्टकाला कथाबीजाचे स्थान प्राप्त झाले आहे, आणि अशी कोष्टके रचणे ही एक स्वतंत्र लेखनकला होऊन बसली आहे. तिला वाङ्मयीन कसोटी लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. चारसहा मंडळी मेजाभोवती बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, आणि एकजण पंच होतो. भुयारे, ओसाड किल्ले, अरण्ये ह्यांचे कल्पित जग पंच शब्दांनी उभे करतो व आपण काय करणार ते खेळाडू शब्दांनीच सांगतात. पुढे कोण भेटेल, पेटीत काय निघेल, हे पुष्कळदा फासे ठरवितात. फासा टाकावा, पडेल त्या अंकापुढची ओळ वाचावी आणि ती त्या जगातील सत्य मानावी, अशी ही रीत आहे. मध्यंतरी मागे पडलेल्या ह्या जुन्या पद्धतीचे चालू शतकाच्या पहिल्या दशकापासून पुनरुज्जीवन झाले असून, नव्या कोष्टकांचा तेव्हापासून अक्षरशः पूर आला आहे.

येथे पहिला आक्षेप उपस्थित होतो, तो असा की, पुढे काय घडावे हे फाशांनीच ठरवावयाचे असेल तर लेखक उरला कोठे? कला म्हणजे निवड. आणि यदृच्छा म्हणजे तर निवडीचा अभाव! आक्षेप वजनदार खरा, परंतु त्यात एक गोष्ट नजरेआड होते. फासा निवड करतो ती कोष्टककाराने आधी निवडून ठेवलेल्या गोष्टींतून. आणि कोणती गोष्ट किती वेळा घडावी, हेही त्यानेच ठरविलेले असते.

टॉम मोल्डव्हे ह्यांनी १९८१ साली संपादिलेल्या प्राथमिक नियमपुस्तकातील एक लहानसे कोष्टक पाहू. अनोळखी प्राणी समोर आला आणि तो कसा वागेल हे आधी ठरलेले नसेल, तर पंचाने दोन फासे टाकावयाचे. बेरीज दोन आली तर तत्काळ हल्ला. तीन ते पाच आली तर वैरभाव. सहा ते आठ आली तर अनिश्चितता. नऊ ते अकरा आली तर तो निघून जातो किंवा बोलणे ऐकून घेतो. आणि बारा आली तर चक्क मैत्री. दोन फाशांच्या छत्तीस शक्यता ह्या पाच ओळींत अनुक्रमे १, ९, १६, ९ व १ अशा वाटल्या जातात. म्हणजे पाहताक्षणी तलवार उपसणारा जितका दुर्मिळ, तितकाच पाहताक्षणी मित्र होणारा. आणि सर्वांत मोठा वर्ग अजून काहीच न ठरविलेल्यांचा. परमुलखात नोकरीनिमित्त राहिलेल्या कोणालाही हे निरीक्षण पटेल. पाचही ओळींना समान वाटा दिला असता, तर शब्द तेच राहूनही ते जग लहरी व रक्तपिपासू झाले असते. प्रमाण हीच कोष्टककाराची शैली होय.

दुसरे उदाहरण भटक्या राक्षसांचे. १९७४ च्या नियमांप्रमाणे भुयारातील प्रत्येक दहा मिनिटांच्या अखेरीस पंच एक फासा टाकतो, आणि सहा पडले तर कोणीतरी वाटेत आडवे येते. अशा भटक्यांजवळ सहसा फारसे द्रव्य नसते, आणि ह्या खेळात पात्राची प्रगती मुख्यतः बाहेर आणलेल्या द्रव्यावर अवलंबून असते. तेव्हा ही भेट म्हणजे बहुधा निव्वळ तोटा. परिणाम असा होतो, की रेंगाळण्याला किंमत पडते. काळाचा दाब वर्णनाचा एक शब्दही खर्च न करता जाणवू लागतो. कादंबरीकाराला प्रकरणेच्या प्रकरणे लिहूनही पुष्कळदा हे साधत नाही.

परंतु जुने ते सर्व सोने असे मात्र नव्हे. गायगॅक्स ह्यांच्या १९७९ च्या पंचमार्गदर्शक ग्रंथात नगरातील भेटींच्या प्रकरणी वारांगनांचे एक उपकोष्टक आहे, ते पुष्कळांच्या थट्टेचा विषय झालेले आहे. बारा ओळी, बारा नावे. त्यांतील बहुतेक एकाच अर्थाचे जुने, चटकदार शब्द. शब्दकोशातील ही श्रीमंती कथेच्या दृष्टीने दारिद्र्यच होय, कारण अमुक ओळीऐवजी तमुक ओळ आली म्हणून पुढे वेगळे काही घडत नाही. आणि एका माणसाचे केवळ विशेषण होऊन बसते. गंमत अशी की, त्याच ठिकाणच्या टिपेत ती स्त्री उपयुक्त बातमी देईल, बक्षिसासाठी बातमी रचून सांगेल किंवा तिचे चोरांशी संधान असेल, ह्यांच्या शक्यता दिल्या आहेत. खरे कोष्टक त्या टिपेतच आहे. तेथे ती स्त्री काही जाणते, काही इच्छिते. म्हणून ती पात्र होते.

ह्यावरून चांगल्या ओळीचे लक्षण सांगता येईल. 'तीन गोब्लिन' ही नुसती नोंद झाली. 'जखमी नायकाला झोळीत घालून नेणारे तीन गोब्लिन. त्यांना पाणी हवे आहे' ही ओळ मात्र खेळाडूंना काही ठरविणे भाग पाडते. त्या नायकाचा सर्व पूर्वेतिहासच लिहून ठेवला तर मेजावरच्या मंडळींना शोधावयास काही उरणार नाही, हेही तितकेच खरे. शिवाय ओळींनी एकमेकींस ओळखले पाहिजे. दुसऱ्या ओळीत हे जखमी असतील आणि पाचव्या ओळीत त्यांचा माग काढणारे असतील, तर कोणताही अंक आधी पडो, न पडलेल्या ओळीची सावली खेळावर पडतेच. अशा सहा ओळी मिळून एका स्थळाचे चित्र होते. डेव्हिड मॅकग्रोगन ह्यांच्या 'यून-सुइन' (२०१४) ह्या पुस्तकात तिबेट, नेपाळ, बंगाल ह्यांच्या छटा घेतलेला एक कल्पित देश मुख्यतः कोष्टकांतूनच उभा केला आहे. पौर्वात्य देशांकडे पाहण्याची त्यातील दृष्टी परक्याची आहे, हे आपल्याला जाणवल्यावाचून राहात नाही. परंतु तेथील कोष्टके त्या देशाबाहेर फारशी चालणार नाहीत, हा त्यांचा गुण मान्य केला पाहिजे. उलट आज शंभर-शंभर ओळींची जी कोष्टके निघतात, त्यांतील कित्येक कोणत्याही अरण्यात, कोणत्याही नगरात खपावीत अशी असतात. लांबी म्हणजे समृद्धी नव्हे.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हा वाद ह्या खेळाहून जुना आहे. १८२४ साली प्रशियन सैन्यातील राइसविट्झ ह्यांनी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळ सिद्ध केला, त्यात पंच होता, फासे होते आणि कोष्टकेही होती. पुढे १८७६ साली व्हेर्दी दु व्हेर्नुआ ह्यांनी कोष्टकांचा जाच काढून टाकून अनुभवी पंचाच्या विवेकावर भिस्त ठेवावी, असे प्रतिपादन केले. नियम की विवेक, हा प्रश्न ज्यांच्या मेजावर रोज येतो त्यांना त्यातील दोन्ही पक्षांचे बळ समजावून सांगण्याची गरज नाही. मेजावरचा पंच हाही माणूसच. आवडत्या खेळाडूला तो नकळत वाचवितो, उद्धटाला नकळत चेचतो. माणसे समोर येण्यापूर्वी लिहून ठेवलेले कोष्टक आणि सर्वांदेखत टाकलेला फासा त्याला ह्या दोन्ही मोहांपासून दूर ठेवतो. विवेकाला मात्र सुट्टी मिळत नाही. पूल कोसळलेला असताना पलीकडचा स्वार अलीकडे कसा आला, हे कोष्टक सांगत नाही. ते पंचालाच शोधावे लागते, आणि त्या शोधात त्याला एरवी कधीही सुचली नसती अशी कथा सुचते.

म्हणून पडलेली ओळ न आवडल्यामुळे जो पंच गुपचूप पुन्हा फासा टाकतो, तो आपल्याच मर्जीला यदृच्छेचा शिक्का मारून घेत असतो. त्यापेक्षा कोष्टक दूर ठेवून निर्णय आपल्या नावावर द्यावा, हे अधिक प्रामाणिकपणाचे. आणि कोष्टककाराने एकही ओळ अशी लिहू नये, की जी पडल्यास निभावून नेण्याची आपली स्वतःचीच तयारी नाही. ह्या लेखनास वाङ्मय म्हणावे की नाही, हा वाद पंडितांनी खुशाल चालवावा. इतकी जबाबदारी जे लेखन मागते, त्याचे मूल्यमापनही तितक्याच गांभीर्याने व्हावयास हवे.