नायकाचा प्रवास आणि बारा दासी

अमेरिकेतील माध्यमिक शाळांत 'ओडिसी' पुष्कळदा जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या प्रस्थान, दीक्षा, पुनरागमन या आराखड्यातून शिकविली जाते. टप्प्यांचा तक्ता भरून घेणे परीक्षेला सोयीचे, हे मान्यच. परंतु २४ सर्गांच्या या महाकाव्यात ओडिसियस १३व्या सर्गातच इथाकाला पोहोचतो. जवळजवळ अर्धे काव्य घरी परतल्यानंतरचे आहे. २२व्या सर्गात, विवाहेच्छूंच्या संहारानंतर, टेलेमाकस बारा दासींना तलवारीचा मृत्यूही नाकारून फासावर चढवितो. या दासी ना नायकाच्या साहाय्यक, ना त्याच्या तोलाच्या शत्रू. तक्त्यात त्यांना रकानाच नाही. नायकत्वाविषयी विद्यार्थ्याने अस्वस्थ प्रश्न विचारावा तो नेमका येथे, आणि तोवर 'पुनरागमन' लिहून वही मिटलेली असते.