रहस्य उलगडल्यावर काय उरते?

उन्हाळ्याच्या सुट्टीपासून दसऱ्यापर्यंत मी रहस्यकथा आणि अद्भुत कादंबऱ्या यांखेरीज फारसे काही वाचले नाही. शाळामास्तराने हे सांगताना थोडे संकोचावे अशी आपल्याकडची रीत आहे. मला तसा संकोच वाटत नाही. विदग्ध वाङ्मयाचे अभिमानी या पुस्तकांना गाडीत वाचून गाडीतच विसरायची पुस्तके म्हणतात. काही त्याच लायकीची असतात, हेही खरे; पण सगळी नव्हेत. माझी कसोटी साधी आहे : रहस्य कळल्यावर पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटते काय?

बाबुराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि कित्येक मराठी घरांत वाचनाची गोडी लावली. त्यांचा वेग आजही झपाटून टाकतो. पण धनंजयाला जे कळलेले असते ते पुष्कळदा आपल्याला कळू दिलेले नसते. म्हणजे मास्तरांनी गणित घालायचे आणि त्यातला एक आकडा खिशात ठेवायचा! उत्तर ऐकून मुले टाळ्या वाजवतील, पण गणित शिकणार नाहीत. याउलट ॲगाथा ख्रिस्तीबाईंची रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी (१९२६) घ्या. तिथे सारे आकडे फळ्यावर लिहिलेले असतात, आपणच ते वाचत नाही. शेवट मी सांगणार नाही. दिवाळीत कुणाच्या फराळात मीठ कशाला टाकायचे? पण तो कळल्यावर मी पहिल्या पानाकडे परत गेलो.

यंदा सर्वांत अधिक घोळले ते मात्र कॉनन डॉयलचे बास्करव्हिल्सच्या कुत्र्याचे पुस्तक (१९०२). उजाड माळ, एका घराण्यावरचा जुना शाप आणि अंधारात पेटलेल्या तोंडाचे जनावर. होम्स दाखवून देतो की ती आग म्हणजे अंगाला फासलेला फॉस्फरस. भूत गेले, पण भीती गेली नाही. एक माणूस वारशाच्या लोभाने दुसऱ्याची श्रद्धा हत्यारासारखी वापरतो, हे त्या कुत्र्याहून भयंकर आहे. खेड्यात राहणाऱ्याला ते समजावून सांगावे लागत नाही. कुणाच्या विहिरीवर आसरा आणि कुणाच्या चिंचेवर मुंजा का बसतो, याचा शोध घेता घेता पुष्कळदा सात-बाराच्या उताऱ्यापाशी पोचता येते.

माझे एक सहकारी म्हणतात, ‘मास्तर, अंधश्रद्धेविरुद्ध २०१३ साली कायदा झाला, आणि तुम्ही मुलांना भुताखेतांची पुस्तके देता!’ आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. साखरखेर्ड्याहून लोणार फार दूर नाही. तिथले अठराशे मीटर रुंदीचे विवर म्हणजे लवणासुराचे पाताळातले घर, ही कथा आमच्या मुलांना आजीकडून मिळते. ते ज्वालामुखीचे मुख असावे असा पुष्कळ काळ तर्क होता. मग प्रचंड आघातानेच घडणारी काच तिथल्या खडकात सापडली, आणि १९७३ साली तो शोध प्रसिद्ध झाल्यावर उल्केचा पुरावा पक्का झाला. होम्सने टोपी काढावी असा हा तपास! २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा असुराचे रक्त पुन्हा आठवले, आणि शास्त्रज्ञांनी मीठप्रिय सूक्ष्मजीव दाखवून दिले. वर्गात मी दोन्ही सांगतो. मुले गोंधळत नाहीत. गोष्ट कोणती आणि पुरावा कोणता, हे त्यांना चांगले कळते.

म्हणून नारायण धारपांची ‘लुचाई’ मी बिनदिक्कत वाचली. सूत्र स्टीफन किंगच्या १९७५ च्या कादंबरीचे, पण घरे, माणसे आणि बोलणे आपले. गाव एका रात्रीत नव्हे, एकेक घर करून अमंगळाच्या कह्यात जाते. ओसरीवरचा दिवा तोच असतो, आतली माणसे ती राहत नाहीत. ही भीती उलगडून संपत नाही, म्हणून पुन्हा वाचताना कमी होत नाही. धारपांच्या समर्थकथांविषयी मात्र मला असे म्हणवत नाही. समर्थ दारात आले की निम्मी भीती ओसरते. आता सारे ठीक होणार हे आपण ओळखतो. आणि सारे ठीक करणारा सिद्धपुरुष हवा, ही ओढच भोंदू माणसाच्या उपयोगी पडते. धारप ती पुस्तकापुरती वापरतात, दक्षिणा मागत नाहीत, एवढे मान्य करून मी सहकाऱ्यांशी अर्धी तडजोड केली आहे. शाळेच्या कपाटात डॉयल आणि ‘लुचाई’ शेजारी शेजारी आहेत. समर्थ अजून माझ्या घरी आहेत. मुले ते तिथूनही मागून नेतात.