ओर्ता यांचा ग्रंथ आणि मिरीची साल

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधी व मसाल्यांवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यातील काल्पनिक रुआनो प्राचीन ग्रंथांचे दाखले देतो. ओर्ता अनुभवाचा आधार घेतात. पिंपळी मिरीच्या वेलीची नव्हे, हे त्यांनी बरोबर ओळखले. मात्र काळी व पांढरी मिरी निराळ्या वेलींची, हे त्यांचे विधान चुकीचे आहे. कच्चे दाणे वाळवले की काळी मिरी होते; पिकलेले दाणे भिजवून साल काढली की पांढरी. प्राचीनांवर घेतलेली शंका ओर्ता यांनी येथे स्वतःच्या विधानावर घेतली नाही. शिक्षकांनी हा भाग वर्गात जरूर सांगावा आणि मुलांना काळी मिरी भिजवून सोलायला द्यावी. आतला फिकट दाणा दिसला, की वेगळ्या वेलीची गरज उरत नाही.