‘माय फेअर लेडी’ : उसना आवाज, सोयीचा शेवट

जॉर्ज क्यूकर दिग्दर्शित ‘माय फेअर लेडी’ हा संगीतपट १९६४ मध्ये प्रदर्शित झाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह आठ ऑस्कर पारितोषिकांचा मानकरी ठरला. ॲलन जे लर्नर आणि फ्रेडरिक लोव यांच्या ज्या संगीतिकेवर तो आधारलेला आहे, तिचे १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये २,७१७ प्रयोग झाले होते. त्या संगीतिकेच्या मुळाशी बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ हे नाटक होते. एवढी पूर्वपुण्याई लाभलेला हा चित्रपट प्रेक्षणीय आहे, श्रवणीयही आहे. तरीही त्याच्या कीर्तीच्या मानाने त्याचे यश अपुरे वाटते.

शॉ यांच्या नाटकाचा विषय प्रणय नसून भाषा हा आहे. एका इंग्रजाने तोंड उघडताच दुसऱ्या इंग्रजाच्या मनात त्याच्याविषयी तिरस्कार उत्पन्न होतो, असे त्यांनी प्रस्तावनेत म्हटले आहे. ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स पैजेखातर फुले विकणाऱ्या एलायझाचे उच्चार बदलतो. पैज जिंकल्यावर मात्र या मुलीने कोठे जायचे, असा प्रश्न उरतो. तिला नवी वाणी मिळाली. ती वाणी आता कोणाची, हा नाटकाचा गाभा आहे.

चित्रपटाने हा गाभा अगदीच सोडलेला नाही. नृत्यसमारंभानंतर हिगिन्स आणि पिकरिंग एकमेकांचे अभिनंदन करीत असताना एलायझा कोपऱ्यात मूकपणे उभी राहते, हे दृश्य आजही परिणामकारक वाटते. अन्यत्र मात्र सजावट आशयावर मात करते. ॲस्कॉटच्या शर्यतीच्या प्रसंगातील काळ्या, पांढऱ्या व करड्या पोशाखांची सेसिल बीटन यांची योजना विलोभनीय आहे. पण उच्चभ्रूंच्या निर्जीवपणाचा उपहास करताना चित्रपट स्वतःच त्या निर्जीव सौंदर्यात रमतो. स्टुडिओत उभारलेल्या कोव्हेंट गार्डनच्या बाजारात चिखल आहे, पण दारिद्र्याची झळ नाही.

याहून गंभीर उणीव आवाजाची आहे. रंगभूमीवर एलायझा साकारणाऱ्या जूली अँड्र्यूज यांना डावलून ही भूमिका ऑड्री हेपबर्न यांना देण्यात आली. त्यांनी गीतांचा सराव केला, ती ध्वनिमुद्रितही केली. परंतु पडद्यावर बहुतांश गाणी मार्नी निक्सन यांच्या आवाजात ऐकू येतात आणि त्यांचे नाव श्रेयनामावलीत नाही. पार्श्वगायनाला सरावलेल्या भारतीय प्रेक्षकाला यात काही वावगे वाटणार नाही, आणि पार्श्वगायन हा काही दोषही नव्हे. येथे खटकते ती विषमता. रेक्स हॅरिसन यांचे गीतकथन प्रत्येक वेळी निराळे होते, म्हणून त्यांच्या पोशाखात बिनतारी ध्वनिग्राहक दडवून ते चित्रीकरणाच्या वेळीच टिपले गेले. त्यामुळे हिगिन्सच्या गाण्यात क्षणाचा जिवंतपणा आहे, तर एलायझाच्या गाण्यात ओठ आणि स्वर यांच्यामधील दुरावा जाणवत राहतो. हिगिन्सवर सूड उगवण्याची स्वप्ने रंगवणाऱ्या गीतात हेपबर्न यांचा स्वतःचा खरखरीत आवाज काही काळ ऐकू येतो. तो अपूर्ण आहे, पण तोच एलायझाचा वाटतो. स्वर उंचावताच दुसरा, घोटीव आवाज त्याची जागा घेतो. एका स्त्रीच्या वाणीची कथा सांगणारी कलाकृती नायकाच्या अपूर्ण गळ्याला सवलत देते आणि नायिकेच्या गळ्याला ती नाकारते.

या संदर्भात पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ (१९७५) या रूपांतराची आठवण अपरिहार्य आहे. तेथे मंजुळेचा संताप भक्ती बर्वे यांनी लयबद्ध बोलण्यातून व्यक्त केला. त्या स्वगताला सुरेल गळ्याची गरज नव्हती. बोलीचा जोम त्याला पुरेसा होता. वाणी हाच विषय असेल, तर बोलणाऱ्या व्यक्तीचा स्वतःचा आवाज किती मोलाचा असतो, हे त्यातून उमगते.

शेवटाचा प्रश्न जुना आहे. लंडनमधील १९१४ च्या प्रयोगातच हिगिन्स झालेल्या बीरबोम ट्री यांनी एलायझाकडे फुले फेकून प्रणयसूचक शेवट केला होता. शॉ संतापले आणि १९१६ मध्ये जोडलेल्या उपसंहारात त्यांनी एलायझाचा विवाह फ्रेडीशी लावून दिला. लर्नर यांना शॉ यांचा हा निर्णय पटला नाही. चित्रपटात एलायझा परत येते, ध्वनिमुद्रिका बंद करून आपल्या जुन्या बोलीतील वाक्य हळूच उच्चारते. हिगिन्स टोपी डोळ्यांवर ओढून आपल्या सपाता मागतो. तिच्या स्मितात बरोबरीचे भान आहे, असे या शेवटाचे समर्थन करता येईल. परंतु तत्पूर्वीच्या गीतात हिगिन्सने कबुली दिली आहे ती केवळ तिच्या सवयीची. तिच्या स्वातंत्र्याच्या घोषणेला त्याच्याकडून उत्तर मिळतच नाही. तिने परतावे असे त्याच्यात काय बदलले, हे चित्रपट दाखवत नाही.

‘माय फेअर लेडी’ पुन्हा पाहावा असा चित्रपट आहे: हॅरिसन यांच्यासाठी, लोव यांच्या स्वररचनांसाठी, बीटन यांच्या दृष्टीसाठी. मात्र ‘पिग्मॅलियन’ वाचून त्याच्याकडे वळणाऱ्या अभ्यासकाला शॉ यांचा प्रश्न येथे सुरेल होऊन भेटतो आणि ऐन उत्तराच्या वेळी मागे घेतला जातो.