बोलणारा नट, ऐकणारा नट

चित्रपटांतील सर्वांत थोर भूमिका कोणत्या, हा वाद मराठीत नवा नाही. मात्र तो बहुधा नावांच्या पातळीवरच लढला जातो आणि नावे ठरवताना जी मोजपट्टी हाती धरली जाते, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. उत्कृष्ट चित्रपटांच्या याद्या जगभर निघतात, ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाचा कौल तर 1952 पासून दर दहा वर्षांनी घेतला जातो. परंतु अभिनयाची तशी सर्वमान्य यादी कुठेच नाही, कारण पडद्यावर दिसणाऱ्या भूमिकेत नटाचा वाटा किती आणि संकलकाचा, छायालेखकाचा, दिग्दर्शकाचा किती, हा हिशेब चोख लागत नाही. मराठीत या अडचणीवर एक सोपा तोडगा पूर्वापार काढला गेला: रंगभूमीची मोजपट्टी जशीच्या तशी पडद्याला लावायची.

भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: शरीराच्या हालचालींचा तो आंगिक, वाणीचा तो वाचिक, वेषभूषा-रंगभूषेचा तो आहार्य आणि आतल्या भावस्थितीतून आपोआप उमटणारा, म्हणजे घाम, रोमांच, स्वरभंग यांचा, तो सात्त्विक. या चारांत मराठी रसिकाचा जीव जडला तो वाचिकावर. नाट्यपद आणि पल्लेदार स्वगत यांवर पोसलेल्या प्रेक्षकाला ‘अभिनय’ म्हटले की संवादाची फेक आठवते, आणि चित्रपटातही ज्याला मोठे भाषण वाट्याला आले तोच मोठा ठरतो. ही मोजपट्टी पडद्यावर पुरत नाही याचा पुरावा फार लवकर मिळाला होता. बालगंधर्वांसारखा नट 1935 मध्ये ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ म्हणून उभा राहिला, पण रंगमंचावर ज्याच्या नुसत्या येण्याने प्रेक्षागृह बदलत असे, त्याच्या नावाने पडद्यावरची एकही भूमिका आज थोर म्हणून काढली जात नाही. पुढच्याच वर्षी, नाटकांतून स्त्रीभूमिका केलेले दुसरे गायक-नट, विष्णुपंत पागनीस, त्याच ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकाराम झाले आणि ती भूमिका मात्र टिकली. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाचा 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. पागनीसांच्या यशाचे कारण गायनात नाही. कॅमेऱ्यासमोर काही ‘करून दाखवण्या’चा मोह त्यांना नाही, यात ते आहे. टाळ हाती घेऊन ते नुसते असतात, आणि भोवतीचे जग त्यांच्याकडे धावते.

तरीही ‘संत तुकाराम’मधील सर्वांत मोठी भूमिका पागनीसांची नाही, ती जिजाईची, म्हणजे गौरी या अभिनेत्रीची आहे. देवाच्या नादी लागलेल्या नवऱ्याचा संसार ओढणारी ही बाई चित्रपटभर काही ना काही काम करताना दिसते: चूल, मुले, म्हैस, उधारी. आजारी पोराला घेऊन ती देवळात शिरते आणि विठोबावर पायताण उगारते, तो प्रसंग नीट पाहण्याजोगा आहे. त्या क्षणी चेहऱ्यावर ‘राग’ नावाचा एकच भाव नाही. देवाशी भांडायला आधी देव मानावा लागतो, ही गोष्ट त्या उगारलेल्या हातात आणि न मावणाऱ्या श्वासात आहे. चेहरा विस्कटलेला, पदर सुटलेला, आवाज फाटका. रंगमंचावर हे बेसूर ठरले असते. शेवटी तुकाराम वैकुंठाला निघतात तेव्हाही घर आणि मुले टाकून जाणे तिला सुचतच नाही. बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकरमान यांचा, एका गृहिणीचे स्वयंपाकपाणी तासन्तास दाखवणारा 1975 चा ‘जान दिलमान’ हा चित्रपट 2022 च्या ‘साइट अँड साउंड’ कौलात पहिला आला. घरकाम हाच अभिनयाचा आशय होऊ शकतो हे जगाला आता पटले असेल, तर जिजाईकडे पुन्हा वळून पाहायला हरकत नसावी.

त्याच ‘प्रभात’च्या 1937 च्या ‘कुंकू’मध्ये केशवराव दाते यांनी तरुण मुलीशी लग्न करून बसलेल्या काकासाहेबांचे काम केले. दाते हे रंगभूमीवरचेच. ‘आंधळ्यांची शाळा’ या नव्या वळणाच्या नाटकाशी त्यांचे नाव जोडलेले. परंतु दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी या चित्रपटात पार्श्वसंगीताचा आधार काढून घेतला आणि घड्याळाच्या टोल्यांसारखे रोजचे आवाज तेवढे ठेवले, त्यामुळे दात्यांना शब्दांपेक्षा शब्दांमधल्या फटी भरायच्या होत्या. आरशासमोर स्वतःला पाहणारा म्हातारा ते उपहासाने रंगवत नाहीत, कीव यावी म्हणूनही नाही. एका सभ्य माणसाला आपला अन्याय हळूहळू उमगतो आहे, एवढेच ते दिसू देतात. शांता आपटे यांच्या नीराचा विद्रोह उचित रीतीने वाखाणला गेला, पण त्या विद्रोहाला धार आली ती समोरचा माणूस राक्षस नसल्यामुळे.

राष्ट्रीय पुरस्कारांचा दाखला या वादात नेहमी दिला जातो, म्हणून त्याविषयी थोडक्यात. अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार 1967 च्या चित्रपटांपासून सुरू झाले. म्हणजे पागनीस, गौरी, दाते, इतकेच काय ‘श्यामची आई’तील वनमाला यांचाही त्यांच्याशी संबंध येऊ शकत नव्हता. पुढे मिताली जगताप-वराडकर (‘बाबू बँड बाजा’), उपेंद्र लिमये (‘जोगवा’), गिरीश कुलकर्णी (‘देऊळ’), विक्रम गोखले (‘अनुमती’) आणि उषा जाधव (‘धग’) यांना ते मिळाले, आणि हे मराठीला भूषणावह आहे. पण पुरस्कार त्या वर्षीच्या चित्रपटांची आपसांत तुलना करतो, पिढ्यांची करत नाही.

पिढ्यांची तुलना करायची तर 1970 च्या दशकात थांबावेच लागते. ‘पिंजरा’त (1972) डॉ. श्रीराम लागू यांनी तमाशाच्या फडात वाहून गेलेला गुरुजी उभा केला, आणि स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभ्या असलेल्या त्या माणसाचे मौन त्यांनी एखाद्या स्वगतासारखे पेलले. त्याच कथाबीजाच्या जर्मन ‘ब्लू एंजल’मधील (1930) एमिल यानिंग्स यांच्याशी त्यांची तुलना होते. यानिंग्स यांचे पतन मोठ्या आवाजात घडते, लागूंचे गिळलेल्या आवंढ्यात. ‘सामना’त तेंडुलकरांच्या पटकथेने लागू आणि निळू फुले यांना समोरासमोर बसवले. या जुगलबंदीत रसिक सहसा लागूंच्या मास्तरांकडे झुकतात, कारण प्रश्न मास्तर विचारतात. परंतु मास्तरांचा एकच प्रश्न परत परत कानी पडताना हिंदुराव धोंडे-पाटलाच्या चेहऱ्यावरचा सरंजामी आत्मविश्वास कसा पातळ होत जातो, हे फुले यांनी दाखवलेले काम अधिक अवघड आहे.

आणि मग ‘सिंहासन’ (1979). ज्या नटाच्या नुसत्या आवाजाने गावोगावच्या बायका बोटे मोडत, त्याला जब्बार पटेल यांनी दिगू टिपणीस या पत्रकाराचे, म्हणजे जवळजवळ केवळ ऐकण्याचे काम दिले. मुख्यमंत्री बोलतो, विरोधी गटाचा मंत्री बोलतो, कामगार पुढारी बोलतो. दिगू ऐकतो, नोंदवतो, पुढे जातो. ऐकणे हे पडद्यावरचे सर्वांत कठीण काम आहे, कारण ऐकणाऱ्याने जरा जास्त केले तर तो समोरच्याचा प्रसंग चोरतो आणि कमी केले तर खुर्चीसारखा दिसतो. फुले यांच्या डोळ्यांत प्रत्येक भेटीगणिक थोडा थकवा साचत जातो, आणि शेवटच्या त्या वेडसर हसण्याला पुरेल इतका तो साचलेला असतो. मराठी पडद्यावरची एकच भूमिका निवडा, असा हट्ट कोणी धरलाच, तर ही निवडावी.

या निकषावर ‘नटसम्राट’ (2016) मागे पडतो, हे स्पष्ट म्हणायला हवे. शिरवाडकरांचे नाटक 1970 चे. त्यातील गणपतराव बेलवलकर हा मुळात बोलणारा नट, आणि नाना पाटेकर यांनी तो ताकदीने बोलता ठेवला. पण तो चित्रपट आठवला की भाषणे आठवतात. कॅमेरा तिथे प्रेक्षागृहातल्या पहिल्या रांगेसारखा बसून राहतो. त्याच चित्रपटातील विक्रम गोखले यांचा आजारी मित्र कमी बोलून अधिक उरतो.

विनोदाला तर या यादीत दारातच अडवले जाते. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) अर्ध्या महाराष्ट्राला पाठ आहे, पण थोर भूमिकांत अशोक सराफ यांचे नाव घेताना लोक आधी एखादी ‘गंभीर’ भूमिका शोधतात. तिथे स्त्रीवेष घेतलेले सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे लक्ष वेधतात. खरे यंत्र मात्र सराफ चालवतात, थापा वेळेवर जुळवणाऱ्या माणसाच्या घाबऱ्या घाईतून. गंभीर भूमिकांना ही अडचण येत नाही: स्मिता पाटील यांच्या ‘उंबरठा’तील (1982) सुलभाविषयी बरेच लिहिले गेले आहे, आणि ते रास्तच आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत वादाचे स्वरूप बदलले ते प्रशिक्षण नसलेल्या नटांमुळे. ‘कोर्ट’मधील (2014) शाहीर झालेले वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते, मग तो अभिनय की नुसते असणे? त्याच चित्रपटात गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील आहेत. न्यायालयात कायद्याची कलमे वाचताना आणि घरी जाताना लोकलमध्ये शेजारणीशी घरगुती बोलताना त्यांचा सूर जवळपास एकच राहतो, आणि त्या सपाटपणात एका माणसाचे आयुष्य तुरुंगात जाऊ शकते, हे भयंकर सत्य त्या एकही भुवई न उचलता सांगतात. ‘फँड्री’त (2013) किशोर कदम यांचा कचरू गावकऱ्यांसमोर पाठीतून वाकतो आणि मुलावर त्याच पाठीने ताठ होतो. डुक्कर पकडण्याच्या ऐन धावपळीत शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि सारे जागच्या जागी थांबतात. कदमांची ती दमलेली स्तब्धता कुठल्याही स्वगताहून वजनदार आहे.

भूमिकेची आणखी एक परीक्षा असते, ती त्या मातीतल्या प्रेक्षकाची. पुण्याहून चांदणी चौक ओलांडून भूगाव, भुकूम, पिरंगुट असा जो रस्ता पौडला जातो, त्याच्या दोन्ही अंगांना शेताचे प्लॉट आणि प्लॉटच्या सोसायट्या होताना एका पिढीने पाहिले. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’चा (2018) विषय तोच. गंमत अशी की हाच रस्ता उलट दिशेने कोथरूड ओलांडून पुण्यात शिरला की लॉ कॉलेज रस्त्यावर ‘प्रभात’चा जुना स्टुडिओ, म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट, लागते, जिथे जिजाई घडली. ‘मुळशी पॅटर्न’ची चर्चा ओम भुतकर यांच्या राहुलभोवती झाली, आणि त्या भूमिकेतला अस्वस्थ वेग नाकारता येत नाही. पण भुकूमच्या पट्ट्यातला माणूस राहुलला पाहून टाळ्या वाजवेल आणि ओळखेल तो त्याच्या बापाला. मोहन जोशी यांनी जमीन विकून बसलेला आणि पुढे दुसऱ्याच्या दारात राबणारा हा बाप फारसे न बोलता उभा केला आहे: खांदे पडलेले, नजर समोरच्याच्या चेहऱ्यापर्यंत न पोहोचणारी, आणि हात मात्र अजून मालकाचे, काही धरायला नसल्यामुळे कुठे ठेवावेत हे न कळणारे.