खेळातला थांबा

कपाळावर ठेवलेलं एक गोल बिस्किट. हात पाठीमागे, मान आभाळाकडे, आणि भुवया, गाल, ओठ यांच्या कसरतीवर ते बिस्किट तोंडापर्यंत आणायचं, एवढाच नियम. नवरात्रातल्या एका रात्री सिल्लोडच्या आमच्या भागातल्या मांडवात 'खेळ पैठणीचा' रंगात आला होता आणि एका काकूंच्या डाव्या भुवईवर येऊन ते बिस्किट अडलं. पुढे सरकेना, खालीही पडेना. कर्ण्यातलं गाणं थांबलं, सूत्रसंचालक तरुणही बोलायचा थांबला आणि दोनेकशे बायका श्वास रोखून त्या एका भुवईकडे पाहत राहिल्या. दिवसभर मिरचीच्या तोडणीला जाणाऱ्या, रस्त्यानं पदर पुढे ओढून खाली मान घालून चालणाऱ्या त्या काकूंचा चेहरा आम्ही शेजाऱ्यांनी तरी इतका निवांत कधी पाहिला होता? दिव्यांच्या झगमगाटात तो वर उचललेला, हसू दाबलेला, सुरकुत्यांसकट उजळलेला चेहरा पाच-सात सेकंद सगळ्या मांडवाचा झाला होता.

दूरदर्शनसंचावर नवा खेळ सुरू झाला की त्याचे पहिले दोन-चार भाग नेमानं पाहायचे, त्याचा सांगाडा उलगडून बघायचा, हा माझा जुना छंद आहे. बक्षीस किती, सेट केवढा, सूत्रसंचालक कोण, याची चर्चा कट्ट्यावर होतेच. माझी नजर मात्र त्या खेळात थांबा कुठे आहे हे शोधत असते. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके ठरलेले असतात, पण दोन ठिपक्यांमधल्या मोकळ्या जागेत बोटांतून पीठ कसं सुटतं, रेघ कुठे जाड होते, कुठे थरथरते, यात काढणारीचा हात दिसतो. फॉरमॅट म्हणजे असे मांडलेले ठिपके. त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेत माणूस उमटतो, आणि ती जागा ज्याला नेमकी राखता आली, तो खेळ वर्षानुवर्षं आपल्या घरात मुक्कामाला येतो.

मुक्कामाला आलेला असा आपला खेळ म्हणजे 'होम मिनिस्टर'. 2004च्या सप्टेंबरमध्ये तो सुरू झाला, तेव्हा वाहिनीचं नाव अजून 'अल्फा मराठी' होतं. पुढे 'झी मराठी'वर आदेश बांदेकरांनी हा खेळ गावोगावच्या उंबऱ्यांपर्यंत नेला. त्याच्या नावापासूनच आपण चव घेऊ. राज्याचा गृहमंत्री पोलिसांचा धनी, आणि घरात मात्र 'आमच्या गृहमंत्र्यांना विचारावं लागेल' हा नवऱ्यांचा जुनाच विनोद. त्या विनोदातलं पद खेळानं खरोखरच बहाल करून टाकलं. संध्याकाळच्या कुकरच्या शिट्टीच्या वेळेला, जिला पाहुण्यांसमोर चहा ठेवून आत जायची सवय, तिलाच बैठकीच्या खोलीत मधोमध उभं केलं आणि चहा आणायला नवऱ्याला मोकळं ठेवलं.

पण परका पुरुष कॅमेरा घेऊन घरात शिरणार, घरच्या सुनेला लग्न कसं जमलं म्हणून विचारणार, तिला फुगे फोडायला लावणार, हे सासूबाईंच्या देखत जमायचं कसं? इथे मराठी नातेव्यवस्थेनं खेळाला एक देखणी किल्ली दिली: 'भावोजी'. दीर-भावजयीच्या नात्यात थट्टेला मुभा आहे आणि त्या थट्टेला मर्यादेची लक्ष्मणरेषाही आहे. भाऊ म्हटलं असतं तर नातं गंभीर झालं असतं, साहेब म्हटलं असतं तर दूर गेलं असतं. 'भावोजी' आणि 'वहिनी' या दोन हाकांनी अनोळखी माणूस चपला काढून आत आला. मोठमोठ्या सेटवर लाखो रुपयांच्या रोषणाईनं जी जवळीक साधत नाही, ती एका संबोधनात साधली. फॉरमॅट विकत घेता येतो असं म्हणतात. हे संबोधन कुठल्या बाजारात मिळालं असतं?

आणि मग उखाणा. खेळाच्या धावपळीत 'वहिनी, नाव घ्या' म्हटलं की सगळं क्षणभर थबकतं. वहिनी खाली पाहतात, पदराचं टोक बोटाला गुंडाळतात, शेजारी उभा नवरा उगाच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो. उखाणा सगळ्यांना पाठ असतो, त्याचं यमकही आधीच कळलेलं असतं, तरी नाव ओठांवर येण्याआधीच्या त्या अर्ध्या क्षणात वीस-पंचवीस वर्षांचा संसार तरळून जातो. घड्याळ लावून हा क्षण मोजायचा म्हटला तर तो दोन सेकंदांचाही भरणार नाही. खेळाचं सगळं कौशल्य तो क्षण येऊ देण्यात आणि आल्यावर त्याला धक्का न लावण्यात आहे.

बक्षीस म्हणून पैठणी निवडली, हेही आमच्या जिल्ह्याच्या माणसाला जरा जास्तच सुखावणारं. सिल्लोड जिल्ह्याच्या ईशान्येला, पैठण दक्षिणेला. तिथल्या एकनाथांनी भारुडातून जगदंबेच्या दारावर हाक मारली आणि तिथल्याच मागांनी या वस्त्राला आपलं नाव दिलं. पैठणीचा पदर हातात घेऊन उलटा करून पाहावा. मोर, मुनिया, असावलीची वेल, सगळं मागच्या बाजूनंही तसंच सुबक दिसतं, कारण नक्षीतला प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच फिरून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. या खेळाचंही तसंच झालं. छोट्या पडद्यावरचा पदर लोकांनी उलटा करून पाहिला, तर मागे तीच नक्षी. म्हणून तर हळदीकुंकवाला, नवरात्राला, गणपतीला गावोगावी 'खेळ पैठणीचा' उभा राहिला. 2022 मध्ये 'महामिनिस्टर' या पर्वात पैठणी 11 लाखांची झाली, तिच्याही गोष्टी आमच्या ओट्यावर चवीनं झाल्या. तरी मांडवातली साधी पैठणी जिंकणारी बाई ती अंगावर घेताना पहिल्यांदा पदराची उलटी बाजू चाचपते, तेव्हा त्या पारखी बोटांकडे पाहावं. किंमत विसरायला होते.

आता दुसऱ्या प्रकारचा थांबा पाहू. ब्रिटनमध्ये 1998 साली सुरू झालेला 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर' 3 जुलै 2000 रोजी 'कौन बनेगा करोडपती' होऊन आपल्याकडे आला, त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे या मराठी तरुणानं पहिला कोटी जिंकला आणि 2013 मध्ये सचिन खेडेकरांच्या ऋजू आवाजात तो मराठीतही बोलू लागला. या खेळाचा सर्वांत सुंदर नियम कोणता, असं कुणी विचारलं तर लाइफलाइनकडे बोट जातं. मला दुसराच नियम मोहवतो: प्रश्न आधी दिसतो, आणि तो पाहिल्यावर खेळायचं की जिंकलेलं घेऊन उठायचं, हे ठरवता येतं. किती साधी मुभा! पण तिनं प्रश्नमंजूषेचं नाटक करून टाकलं. उत्तर येत असेल तर प्रश्नच नाही, मुळीच येत नसेल तरी उठणं सोपं. छळतं ते अर्धवट माहीत असणं. 'वाटतंय तर ब, पण...' या 'पण'मध्ये माणूस लोंबकळत राहतो, आणि आपण घरी कांदा चिरता चिरता सुरी हातातच धरून बसतो.

त्यात घड्याळाची योजना पाहा. सुरुवातीच्या सोप्या प्रश्नांना सेकंदांची कात्री लावलेली, आणि रकमा मोठ्या झाल्या की घड्याळ हळूच उठून निघून जातं. जिथे घाई व्हावी असं वाटतं, तिथेच वेळ अमाप. मग शांतता साचते, संगीत खालच्या पट्टीत घुमतं, दिवे मंद होतात. याउलट फोनवरच्या मित्राला मात्र मोजके 30 सेकंद असायचे, आणि त्यातले चार-सहा आपल्याकडे 'हॅलो, कोण? बरं आहे ना?' यात सुखानं खर्ची पडायचे. मरणाची घाई असली तरी विचारपूस चुकायची नाही, हे पाहून मला प्रत्येक वेळी भरून यायचं. आणि अशाच थांब्यांमध्ये, दोन प्रश्नांच्या मधल्या गप्पांत, 2019 साली अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे सगळ्या देशाला कळल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या, महिन्याला दीड हजार रुपये मिळवणाऱ्या या बाई कोटी रुपये जिंकल्या खऱ्या, पण आपल्या लक्षात राहिलं ते त्यांचं तोलून-मापून, संथपणे बोलणं.

खेळाच्या या मर्माचा धागा पकडून मी एकदा घाट उतरलो. सिल्लोडहून जळगावच्या रस्त्याला लागायचं, गोळेगाव मागे टाकायचं, अजिंठा गाव ओलांडून खाली उतरलं की लेणी. लेणे क्रमांक 2च्या उजव्या भिंतीवर विधुरपंडित जातकाची कथा रंगवली आहे. झोक्यावर बसलेल्या नागकन्या इरंदतीपाशी बहुतेक प्रवासी रेंगाळतात आणि रेंगाळावंच. आपण थोडं पुढे, सोंगट्यांच्या डावापाशी जाऊ. पूर्णक यक्ष कुरुराजाशी फासे खेळतो आहे आणि पणाला लागलं आहे दिव्य रत्न. जातककथेत राजा खेळाआधी नियम सांगून टाकतो: मी स्वतः, माझी राणी आणि श्वेतछत्र सोडून बाकी सारं पणाला. राजा हरतो. पूर्णक मागतो ते विधुर या ज्ञानी अमात्याला. मग वाद पडतो, विधुर राजाचा आत्मीय की राजाची मालमत्ता? निवाडा विधुरालाच विचारला जातो, आणि खोटं बोलून सुटण्याची वाट समोर असताना तो खरं सांगतो, मी दास आहे. नियमाच्या दोन शब्दांमधली फट, तिच्यात उभा असलेला एक माणूस, आणि श्वास रोखलेली सभा! पाचव्या शतकातल्या त्या भिंतीसमोर मंद उजेडात उभं राहिल्यावर मला वाटून गेलं, हॉटसीट काही फार नवी नाही.

म्हणून नवा खेळ आला की उत्सुकता वाटते, यानं थांबा कुठे ठेवला असेल? 2022 मध्ये 'स्टार प्रवाह'वर सिद्धार्थ जाधव 'आता होऊ दे धिंगाणा' घेऊन आले. नावातच धिंगाणा, थांब्याला जागा कुठली? पण मालिकेत एकमेकींचा छळ करणाऱ्या सासू-सुना इथे एका बाजूनं खेळतात, आणि खेळ हरल्यावर नट पात्राचा मुखवटा विसरून मनापासून चिडतो. तो क्षण टिपायला मजा येते. 2023च्या 'जाऊ बाई गावात'नं शहरातल्या मुली खेड्यात आणल्या, तर 2025च्या 'चल भावा सिटीत'नं तेच ठिपके उलटे मांडून गावाकडच्या पोरांना शहरात नेलं. पहिला कार्यक्रम आमच्याकडे जरा वेगळ्याच अंगानं रंगला. पडद्यावर जनावरांच्या गोठ्यातलं काम 'टास्क' म्हणून जाहीर व्हायचं आणि इकडे आमची शेजारीण दुधाची किटली ठेवत म्हणायची, 'आमचा तर रोजच टास्क हाय, बक्षीस कधी देतेत म्हणावं?' हसून झाल्यावर तिच्या त्या प्रश्नापाशी आपणही थोडं थबकतो, आणि खेळानं नकळत आपल्याच अंगणात एक थांबा ठेवलेला असतो.

त्या मांडवातल्या बिस्किटाचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. काकूंनी भुवई जराशी उचलली, बिस्किट नाकाच्या शेंड्यापर्यंत डौलात आलं, गालावरून घरंगळलं आणि सतरंजीवर पडलं. मांडवभर 'अर्रर्र' झालं. सूत्रसंचालक माइक सावरून त्यांना बाद ठरवणार, तेवढ्यात काकूंनी खाली वाकून ते बिस्किट उचललं, पदरानं पुसलं, पुढच्या रांगेत बसलेल्या नातीच्या तोंडात घातलं आणि तशाच ताठ मानेनं, पदर खांद्यावरच ठेवून, आपल्या जागेवर जाऊन बसल्या.