पिल्लू दिसतं, टोपली दिसत नाही

फाल्गुन-चैत्रात आमच्या बेळगावकडच्या बायकांच्या मोबाइलवर कासवांच्या पिल्लांचे फोटो फिरू लागतात. कधी गोव्यातल्या मोरजी-गालजीबागचे, बरेचदा रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचे. मावळतीचं केशरी पाणी, ओली वाळू आणि मधोमध एकटंच समुद्राकडे निघालेलं इवलंसं पिल्लू. फोटो देखणे असतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते अर्धंच सांगतात, ही माझी तक्रार आहे.

ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बहुतेक वेळा रात्री वाळूतून वर येतात. तेव्हा वाळू निवलेली असते, घारी-कावळ्यांची नजर नसते. मग केशरी उजेडातला फोटो मिळतो कसा? वेळासला राखणीतल्या घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. सकाळ-संध्याकाळ त्या उचलून बघतात आणि वर आलेली पिल्लं पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात. दोरीपलीकडे बघ्यांची रांग असते. पिल्लू खरं, मावळतीही खरी. पण ‘एकाकी वीर’ मात्र चौकटीच्या कात्रीने घडवलेला.

कात्रीत काय गेलं बघा. एके काळी या किनाऱ्यावरची अंडी उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन राखण सुरू केली. रात्री-पहाटे किनारा पालथा घालायचा, एकेका घरट्यातली शंभरेक अंडी अलगद काढून कुंपणात तेवढ्याच खोल पुरायची आणि पुढे दीड-दोन महिने कुत्र्या-कोल्ह्यांपासून सांभाळायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले. त्यांच्यासाठी पहाटे चूल पेटवणारी बाई कुठल्याच फोटोत नसते. तिच्या हातचं जेवून माणसं किनाऱ्यावर जातात आणि ‘माणसाचा स्पर्श नसलेला निसर्ग’ टिपून आणतात!

फोटोखालच्या ओळी तर विचारूच नका. मादी अंडी घालताना दिसली की ‘आईची माया’ ठरलेलीच. अहो, ती अंडी घालते, वाळूने झाकते आणि समुद्रात परतते. पिल्लांचं तोंड तिला कधी दिसत नाही. म्हणून ती निष्ठुर ठरत नाही, तिच्या जातीची रीतच ती. आपलं आईपण तिच्या पाठीवर लादायचं कशाला? आपल्यावर लादलेलं पुरे नाही का झालं?

सगळ्यात जास्त मला खटकतो तो पांढराफेक उजेड. किनाऱ्यावर चढणारी मादी उजेडाने बिचकली तर अंडी न घालताच मागे फिरते. पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात. तिथे माणसाचा दिवा लागला की समुद्र सोडून दिव्याकडे वळतात. तळहातावर पिल्लू धरलेले फोटोही असतात. हा जीव १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो हौसेने हाताळायचा नसतो. आपल्याकडे ईर्यासमिती सांगितली आहे, चार हात जमीन बघून पाऊल टाकायचं. डोळा भिंगाला लावून वाळूवर मागे मागे सरकणाऱ्याला हे कोण सांगणार?

माझ्या लेखी चांगला फोटो तो, ज्यात टोपली दिसते, घरट्याची तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी दिसते, राखणदाराचे चिखलाचे पाय दिसतात आणि लांबवर, ठिपक्याएवढी, पिल्लं. तो भिंतीवर लावण्याजोगा नसेल कदाचित. पण पिल्लू समुद्रापर्यंत पोचलं कुणामुळे, ते त्यातून कळतं. पुढचा फोटो पाठवण्याआधी तेवढं विचारा : उजेड कुठला होता? आणि चौकटीबाहेर कोण उभं होतं?